तक्रार केली म्हणजे संसार मोडलाच का? नागपूरकर वाचकांचे प्रश्न

नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हिंसेबद्दल नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक समजूत दिसते, की बाईपुढे दोनच वाटा असतात: सहन करायचं, नाहीतर सोडचिठ्ठी घ्यायची. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. लग्न टिकवून, त्याच घरात राहून मार थांबवण्याचा आदेश न्यायालयाकडून घेता यावा, यासाठीच तो केला गेला. हे माहीत नसल्यामुळे अनेक जणी वर्षानुवर्षं थांबतात, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

नवऱ्याने कानाखाली मारलं, केस धरून ओढलं. ठाण्यात गेले तर एनसी लिहून घेतली आणि "घरचं घरात मिटवा" म्हणून परत पाठवलं. आता पुढे काय? (मानेवाडा)

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. हत्याराविना झालेली साधी दुखापत कायद्यात अदखलपात्र आहे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हत्यार वापरलं, हाड मोडलं किंवा जिवाला धोका झाला तर प्रकरण दखलपात्र होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ (पूर्वीचं ४९८-अ) मध्ये बसणारा छळ असेल तरीही तसंच. शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं वागणं, किंवा हुंड्यासाठी तगादा, या दोन्ही गोष्टी त्या कलमात येतात. म्हणून ठाण्यात फक्त काल रात्रीचं सांगून थांबू नका, मागचं सगळं सांगा. एकच थप्पड सांगितली तर एनसीच होणार. ठाणेदार ऐकत नसतील तर तीच तक्रार लेखी करून शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मात्र हातातली एनसी वाया गेली असं समजू नका. तिचा क्रमांक, तारीख आणि प्रत जपा. हिंसा किती काळापासून चालू आहे, हे दाखवणारा तो सरकारी कागद आहे.

आता मुख्य मार्ग, म्हणजे २००५ च्या कायद्याखालचा अर्ज, ज्याला लोक "डीव्हीची केस" (डोमेस्टिक व्हायोलन्स, कौटुंबिक हिंसाचार) म्हणतात. त्यासाठी आधी गुन्हा दाखल झालेला असण्याची गरज नाही. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी तुमची हकिकत ठरावीक नमुन्यात घेतात, त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात. हा अहवाल आणि कलम १२ खालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, किंवा नोकरी करता, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. माहेरी काटोलला आला असाल तर काटोललाही चालेल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही, त्यामुळे "तुमचा पगार जास्त आहे" असं सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. त्यांची हेल्पलाइन १५१००.

पहिली तारीख सहसा तीन दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करा. कलम २३ प्रमाणे तुमच्या प्रतिज्ञापत्रावरून, समोरच्याला ऐकण्यापूर्वीही असा आदेश देता येतो. हा अर्ज करायचा राहून गेला की पुढचे कित्येक महिने हातात काहीच नसतं.

अर्ज कमजोर का पडतात, हेही सांगायला हवं. "नेहमी मारतो" एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी पहिली घटना, सर्वांत वाईट घटना आणि शेवटची घटना अशा तीन तरी तारीख, वेळ, जागा, कशाने मारलं, कोणी पाहिलं, यांसह लिहा. तारीख आठवत नसेल तर सणावरून किंवा मुलाच्या परीक्षेवरून सांगा. दुसरी अडचण पत्त्याची. नोटीस बजावलीच जात नाही आणि केस जागची हलत नाही. नवऱ्याचा घरचा पत्ता, कामाचं ठिकाण, ड्युटीची वेळ, मोबाइल नंबर सगळं द्या. तिसरी चूक पैशाबाबत होते. पोटगी मागताना त्याची कमाई दाखवावी लागते. पगारपत्रक, गाडीच्या हप्त्याचा कागद, शेताचा सातबारा, दुकानाचा फोटो, जे मिळेल ते जोडा. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोकरदार नवरा पैसे देत नसेल तर त्याच्या मालकाला थेट पगारातून रक्कम देण्याचा आदेश होऊ शकतो.

संरक्षण आदेश मिळाला की त्याची प्रत ठाण्यात पोचली का, ते स्वतः जाऊन बघा आणि एक झेरॉक्स कायम पर्समध्ये ठेवा. आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा ११२ वर फोन करून पहिलं वाक्य हेच सांगा: "माझ्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडला जातोय."

भांडणात त्याने गळा दाबला. दोन मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी आली, मग सोडलं. वळ नाही, जखम नाही. आई म्हणते विसरून जा. (इतवारी)

ताई, हे विसरायचं नाही. या पानावरचं सर्वांत तातडीचं पत्र तुमचं आहे.

गळा दाबल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा थांबून माणूस काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकतो. बाहेर वळ अनेकदा दिसतच नाही, पण आत मानेच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि तिच्यामुळे काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वासाला त्रास, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके, डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा, त्या वेळी लघवी होऊन जाणं, यांतलं एकही असेल किंवा अंधारी आली असेल तर त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जा. तुम्हाला अंधारी आली होती, म्हणजे तुम्ही जायलाच हवं. दिवस उलटले असले तरी जा. गरोदर असाल तर तेही लगेच सांगा.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "नवऱ्याने दोन्ही हातांनी गळा दाबला, अंधारी आली." लाजेपोटी "पडले" असं सांगितलं तर केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे न्यायालयात समोरचा वकील तोच कागद काढतो. एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा आणि केसपेपरची प्रत घ्या. एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जोडीदाराने एकदा गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त असतो, असं अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात आढळलं. खुनाची धमकी, घरात हत्यार, गरोदरपणातला मार, सतत पाळत, "मी मरेन आणि तुलाही घेऊन जाईन" ही भाषा, आणि मार दिवसेंदिवस वाढत जाणं, ही बाकीची लक्षणं. यांतली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर घरात बसून समजूत घालण्याची वेळ गेली आहे. पोलिसांना हीच लक्षणं एकेक करून सांगा. गळा दाबण्याच्या प्रकारात वस्तुस्थितीप्रमाणे खुनाच्या प्रयत्नाचं कलमही लागू शकतं.

"मी चालले" असं त्याला आधी सांगू नका. बाई निघून जाते तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. कागद आधी बाहेर काढा: आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या. मूळ कागद हलवल्याचं लक्षात येणार असेल तर फोटो काढून विश्वासाच्या माणसाला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नका, तिथे सुरी आणि गॅस असतो. न्हाणीघरात शिरू नका, तिथून दुसरी वाट नसते. शेजारणीशी एक खूण ठरवून ठेवा, ती ऐकू आली की तिने लगेच ११२ ला फोन करायचा. निघाल्यावर राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा निवारा, समुपदेशन आणि पोलीस-वकिलांची मदत एकाच ठिकाणी मिळते. १८१ या महिला हेल्पलाइनवरून तिथे पोचता येतं. महिलांच्या तक्रारी आणि समुपदेशनासाठी शहर पोलिसांचा भरोसा सेलही आहे. पण गळा दाबलेल्या प्रकरणात तुम्हाला नवऱ्याशेजारी बसवून समेट करायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. समुपदेशन वेगवेगळं घ्या.

दारू प्यायला की मारतो, एरवी देवमाणूस. दारू सुटली की सगळं ठीक होईल ना? एका जाहिरातीतली चहात टाकायची पावडर आणली आहे. (हिंगणा)

पावडर टाकू नका. अशा पावडरीत काय असतं ते पाकिटावरून कळत नाही. डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय त्याला कळलं तर पुढचा मार तुम्हालाच बसेल.

दारूने हिंसा वाढते, जखमा मोठ्या होतात, हे खरं. पण एक गोष्ट नीट आठवून बघा. प्यायलेला असताना तो मालकाला मारतो का? चौकातल्या पोलिसाला? मोबाइल स्वतःचा फोडतो की तुमचा? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, मार घरी येऊन बायकोलाच बसतो. म्हणजे कोणावर हात उचललेला चालतो, हे त्याला नशेतही कळतं. दारू सुटूनही मार थांबला नाही, अशी घरं काही थोडी नाहीत. तेव्हा हे दोन वेगळे प्रश्न समजा आणि दोन्हींवर वेगवेगळा इलाज करा.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, भास होऊ शकतात. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली: मेडिकलचा मानसोपचार विभाग, प्रादेशिक मनोरुग्णालय, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. आणि तो उपचार घेत असला तरी तुम्ही मारहाणीच्या तारखा-घटना वहीत लिहिणं चालू ठेवा.

घर सासूच्या नावावर आहे. सासू-सासरे म्हणतात, आमच्या घरातून नीघ. (सक्करदरा)

घर कोणाच्या नावावर आहे, एवढ्यावरून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक निवास, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. हा हक्क अमर्याद मात्र नाही. वृद्धांच्या शांततेचाही विचार होतो आणि न्यायालय नवऱ्याला तुमच्यासाठी भाड्याने दुसरी सोय करायला सांगू शकतं. सासरच्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला असेल तर घाबरून घर सोडू नका. तिथे हजर राहा आणि तुमचा डीव्हीचा अर्ज दाखवा. त्या कायद्याची ढाल करून सुनेचा राहण्याचा हक्क संपवता येत नाही, असं त्याच वर्षी एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. कलम १९ प्रमाणे नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेश होऊ शकतो. सासूला तसा आदेश देता येत नाही, त्यामुळे ती मागणी अर्जात घालू नका.

तुम्ही तिथे राहता याचे पुरावे आत्ताच गोळा करा: आधारवरचा पत्ता, मतदार यादी, मुलांच्या शाळेतला पत्ता, गॅसचं पुस्तक. स्त्रीधन तुमचंच आहे. ते परत देण्याचा आदेश याच अर्जात मागता येतो.

आम्ही लग्न न करता तीन वर्षं एकत्र राहतो. तो माझा फोन तपासतो, मारतो, सोडून गेलीस तर फोटो टाकीन म्हणतो. (बुटीबोरी)

लग्नासारख्या नात्यात एकाच घरात राहिलेल्या स्त्रीलाही २००५ चा कायदा लागू आहे. भाडेकरार, एकत्र फोटो, दोघांच्या नावचं बिल असं काही जपा. फक्त भेटीगाठींचं नातं असेल तर हा कायदा लागत नाही. तेव्हा पाठलाग, मारहाण, धमकी यांची फौजदारी तक्रार करायची.

व्हॉट्सअॅपच्या "लिंक केलेली उपकरणे" मध्ये अनोळखी संगणक दिसतो का बघा. गूगल खात्यात लोकेशन कोणाला जातं तेही तपासा. पण फोन एकदम रीसेट करू नका, त्याने पुरावा जातो आणि त्याला संशयही येतो. मदतीचे फोन मैत्रिणीच्या मोबाइलवरून करा. धमकीचे मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण स्क्रीनशॉट न्यायालयात देताना प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असला की काम सोपं होतं. फोटो टाकण्याची भीती असेल तर "स्टॉप एनसीआयआय" या सेवेत तुमच्या फोनवरच फोटोचा सांकेतिक ठसा बनतो, फोटो कुठेही जात नाही आणि सहभागी समाजमाध्यमांवर तो अडवला जातो. त्याबरोबर सायबर पोलिसांत तक्रार करा.

बहीण उमरेडला दिली आहे. तिला मार बसतो. वडील म्हणतात, सोयऱ्यांची बैठक घेऊन समजूत घालू आणि पाठवून देऊ. मी भाऊ म्हणून काय करू? (नंदनवन)

बैठकीत काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. जावई मान खाली घालून "पुन्हा होणार नाही" म्हणतो, बहिणीला "तूही जरा ऐकत जा" असं ऐकवलं जातं, आणि भरल्या बैठकीत सासरचं सगळं सांगून टाकल्याचा सूड घरी परतल्यावर निघतो. तिने बैठकीत काही बोलण्याआधी, ती परत जाणार की नाही आणि कोणाच्या भरवशावर, हे ठरलेलं हवं. बैठक टळणारच नसेल तर तीन गोष्टी लेखी करून घ्या: यापूर्वी मारहाण झाल्याची कबुली, पुन्हा झाल्यास आम्ही तक्रार करू हे वाक्य, आणि बहिणीला माहेरी कधीही फोन करता येईल आणि येताही येईल हे. सह्या, तारीख, दोन साक्षीदार. हा कागद संरक्षण आदेशाची बरोबरी करत नाही, पण पुढे कामी येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितल्याचं दिसलं. तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं, हे फार मोठं पाऊल आहे. "मग इतके दिवस का सांगितलं नाहीस?" हा प्रश्न तिला विचारू नका. "तू सांगतेस ते मला पटतं. आज रात्री तू तिथे सुरक्षित आहेस का?" इथून सुरुवात करा. जावयाला दम द्यायला चार पोरं घेऊन जाऊ नका. तुम्ही निघून आल्यावर ती एकटीच तिथे असते, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो तो वेगळाच.

तिच्यासाठी माहेरी एक खोली रिकामी ठेवा आणि "किती दिवस?" असं तिला कोणी विचारणार नाही, हे आई-वडिलांशी आधीच बोलून घ्या. कलम ८५ ची तक्रार रक्ताच्या नातेवाइकालाही देता येते, आणि सासरी झालेल्या छळाची तक्रार माहेरच्या ठाण्यातही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तिच्या संमतीवाचून पाऊल टाकू नका. अपवाद एकच, जिवाला धोका दिसला की विचारत बसायचं नाही, ११२ लावायचा. एफआयआर झाला म्हणजे लगेच अटक होते असं नाही. जावई त्याच संध्याकाळी घरी असू शकतो, म्हणून त्या रात्री ती कुठे झोपणार हे ठाण्यात जाण्याआधीच ठरवा.

मी बायकोवर दोनदा हात उचलला आहे. मला हे थांबवायचं आहे. (जरीपटका)

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, आणि उत्तर सरळ देतो. "राग आवरत नाही" या कारणाने सुरुवात करू नका. एका कागदावर लिहा: हात उचलण्याआधीच्या पाच मिनिटांत मनात कोणतं वाक्य होतं? "ही मला उलट बोलते", "माझ्या आईला", "माझ्या पैशावर". जवळजवळ नेहमी तिथे तिच्यावर हक्क गाजवणारं वाक्य सापडतं. बदलायचं ते वाक्य आहे.

शरीर तापलं, आवाज चढला, बोट रोखलं गेलं की त्याच क्षणी बाहेर पडा. "मी एक तासाने येतो" एवढंच सांगा. त्या तासात पिऊ नका, गाडी दामटू नका, फोन-मेसेज करू नका, चालत राहा. परत आल्यावर तोच विषय शांतपणे बोलायचा. प्रत्येक वेळी निघून जायचं आणि मग विषयच बंद ठेवायचा, हीसुद्धा तिला गप्प बसवण्याची पद्धत होते. घरात काठी, सत्तूर असं काही हाताशी ठेवत असाल तर ते घराबाहेर द्या.

समुपदेशन एकट्याने घ्या, १४४१६ वर सुरुवात करता येईल. जोडीने बसलात तर ती तुमच्यासमोर खरं बोलू शकणार नाही. एका मित्राला किंवा भावाला स्पष्ट सांगा, "मी तिला मारलं." दर आठवड्याला त्याने तुम्हाला विचारलं पाहिजे. साडी, दागिना, देवाची शपथ देऊन माफी मागू नका आणि तिने लगेच विश्वास ठेवावा अशी अट घालू नका. ती माहेरी गेली तर जाऊ द्या, तक्रार केली तर मागे घ्यायला सांगू नका, घरखर्च थांबवू नका. बदल झाला की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. ती तुमच्या तोंडावर "मला हे पटत नाही" असं न घाबरता म्हणते का, तुम्ही घरात आल्यावर मुलं गप्प होतात का, तिचे पैसे आणि फोन तिच्याच हातात आहेत का, हे सहा महिने, वर्षभर बघा. मध्ये पुन्हा हात उठला तर त्याच दिवशी घराबाहेर राहायला जायचं ते तुम्ही. त्यासाठी कोणाकडे जाणार, हे आजच ठरवून ठेवा.